उष्णतेचे चित्र आणि उपचारांचा गुण

स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी सुरू असलेल्या घरात हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : ‘थर्मल चित्र काढून घ्या, गाठ विरघळते की नाही ते कळेल.’ त्यात अंशतःच तथ्य आहे. वाढती गाठ नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. त्यामुळे वरची त्वचा किंचित उष्ण होते. आपल्या पाषाणला प्रयोगशाळा असलेल्या सी-मेट संस्थेच्या त्रिशूर केंद्राने याच तत्त्वावर अंगात घालण्याजोगे साधन विकसित केले. परंतु ते प्राथमिक तपासणीसाठी, उपचारांचा गुण मोजण्यासाठी नव्हे. रेडिएशनच्या दाहानेही त्वचा तापते, आणि खोलवरची गाठ पृष्ठभागावर उमटेलच असे नाही. (मे महिन्यातील रिक्षाप्रवासाची ऊबही चित्रात उतरते!) थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. म्हणून चित्र कितीही ‘थंड’ दिसले तरी डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी वा एमआरआय टाळू नये.

उष्णता मोजायचीच तर घरच्या थर्मामीटरने मोजावी. केमोथेरपीच्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत पोहोचला, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाला तत्काळ कळवावे. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये.