परत केव्हा जाणार?

आखातातून सुट्टीवर आलेला माणूस पहिल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात उभा राहिला, की त्याला हमखास एक प्रश्न विचारला जातो: ‘परत केव्हा जाणार?’ त्याची विमानाची झोपही अजून उतरलेली नसते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मी जाणतो. तथापि, एकवीस वर्षे हा प्रश्न ऐकून घेतलेल्या माणसाला त्यातील ‘परत’ हा शब्द सलतो. आपण परत जातो ते अबुधाबीला आणि येतो ते केवळ घरी, असा त्याचा अर्थ होतो. ज्या दिशेला ‘परत’ म्हणावे ती दिशाच आपण वसईकरांनी उलटी करून ठेवली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा उलटा झालेला शब्द पुन्हा सरळ करण्याचा आहे. आखातात गेलेल्या आपल्या माणसाने निवृत्तीची वाट पाहत तेथे बसून राहू नये. पन्नाशीच्या आसपास, हातपाय चालत असताना, कमावण्याची आणि काही उभारण्याची उमेद शिल्लक असतानाच घरी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तो तसे करत नाही याचा निम्मा दोष त्याचा असला, तरी उरलेला निम्मा आपला, म्हणजे येथे राहिलेल्या घरांचा आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. आखात म्हणजे अमेरिका किंवा कॅनडा नव्हे. तिकडे गेलेल्या माणसापुढे ‘राहावे की यावे’ असा खरा पर्याय असतो. आखातात सामान्य नोकरदाराला नागरिकत्व मिळत नाही. त्याचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी सुटली की थोड्याच अवधीत देश सोडावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचा ‘गोल्डन व्हिसा’ सुरू केला हे खरे; पण तो मुख्यत्वे मोठी गुंतवणूक करणाऱ्यांसाठी आणि विशेष गुणवत्तेच्या लोकांसाठी आहे. आपला फोरमन, स्टोअरकीपर, ड्रायव्हर त्यात कोठे बसतो? कुवेतने तर २०२१ मध्ये पदवी नसलेल्या साठीपुढच्या परदेशी कामगारांचे परवाने रोखून धरले होते. नंतर नियम सैल केला, परंतु तेवढ्या काळात कित्येकांची झोप उडाली. तात्पर्य, आपल्या माणसाला यावे तर लागणारच आहे. प्रश्न फक्त ‘केव्हा’ एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर आपण स्वतः दिले नाही तर ते दुसरा कोणीतरी देतो.

ते कसे दिले जाते, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि पुढील दोन-अडीच महिन्यांत दीड लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणले गेले. अनेकांच्या हाती एका बॅगेपलीकडे काही नव्हते. तीस वर्षांनी, मे २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली आणि नोकरी गेलेल्यांच्या रांगा पुन्हा लागल्या. ज्यांनी आपली परतीची तारीख ठरवलीच नव्हती, त्यांची तारीख एकदा युद्धाने ठरवली आणि एकदा रोगाने.

‘पण आणखी एक करार करू, थोडी शिल्लक वाढेल,’ हे वाक्य माझ्या तोंडीही अनेक वर्षे होते. म्हणून त्यातील हिशेब मांडतो. अमिरातीत परदेशी कामगाराला निवृत्तिवेतन नाही. सेवासमाप्तीची एकरकमी रक्कम मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचा आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी तीस दिवसांचा मूळ पगार. भत्ते त्यात धरत नाहीत, आणि सारी रक्कम मिळून दोन वर्षांच्या पगारापलीकडे जात नाही. म्हणजे वीस वर्षे घासल्यावर ५५५ दिवसांचा, साधारण साडेअठरा महिन्यांचा मूळ पगार हाती येतो. त्यानंतर जो दोन वर्षांचा नवा करार आपण एवढ्या आशेने करतो, त्याने या रकमेत दोन महिन्यांच्या मूळ पगाराची भर पडते. मासिक पगारातून शिल्लक पडते ती वेगळी. पण ती किती पडते, आणि त्यातील किती गावच्या घराला नवा मजला चढवण्यात जाते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी खरे बोलावे. ज्या घरात आपण वर्षाला तीस दिवस राहतो, त्याला तीन मजले कशाला?

दुसरे कारण मुलांचे सांगतात: ‘त्यांचे शिक्षण होऊ दे.’ वस्तुतः बारावी झाली की आपली बहुतेक मुले कॉलेजसाठी भारतातच येतात. तेव्हा आईबाप तिकडे आणि मूल इकडे वसतिगृहात, अथवा थकलेल्या आजीच्या देखरेखीखाली. ज्या वयात बापाने समोर असावे त्या वयात बाप टेलिफोनवर असतो. मुलांसाठी थांबायचे आणि मुलांवाचून राहायचे, हा न्याय मला कधी उमगला नाही.

तिसरी बाब शरीराची. साठीला येणारा माणूस बहुधा मधुमेह किंवा रक्तदाब सोबत घेऊन येतो. येथे नवा आरोग्य विमा काढला, तर आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत विम्याचे संरक्षण नसू शकते. पन्नाशीत परतणारा ती तीन वर्षे चालत्या प्रकृतीत काढतो. साठीत परतणारा ती रुग्णालयात, स्वतःच्या खिशातून काढतो.

परंतु पैसा, मुले आणि प्रकृती यांहूनही मला अधिक टोचते ती गोष्ट निराळी आहे. आमच्या आळीत तीन वर्षांपूर्वी एक बावखल बुजले. ज्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर आमच्या पूर्वजांनी केळी आणि पानवेली जगवल्या, ते एका पावसाळ्याआधी डबर टाकून सपाट झाले. विरोध करायला उभे कोण राहिले? सत्तरीतले चार म्हातारे आणि कॉलेजातली दोन पोरे. ज्यांनी कागद वाचावेत, तलाठ्याकडे खेटे घालावेत, ग्रामस्थांची सभा भरवावी, ती पंचेचाळीस ते साठ या वयाची माणसे दुबई, दोहा आणि मस्कतला होती. त्यांनी व्हॉट्सॲपवर हळहळ व्यक्त केली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईचे आंदोलन उभे राहिले आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेला हजारो लोक रस्त्यावर आले, तेव्हा त्या गर्दीत घरचे कर्ते पुरुष आणि कर्त्या बाया होत्या. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळण्यासाठी लढलेही कोण? येथे राहिलेलेच. गावाला आपला ड्राफ्ट पोचतो, देवळाच्या दुरुस्तीला देणगी पोचते; पण ड्राफ्ट बांधावर उभा राहत नाही.

माझे एक जवळचे आप्त चौतीस वर्षांनी, एकसष्टाव्या वर्षी परतले. घर टोलेजंग, दाराशी मोटार. परंतु वाडीची हद्द कोठे संपते हे त्यांना ठाऊक नव्हते. सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे चढली ते ठाऊक नव्हते. ज्या चुलतभावाशी वाटणीचे बोलायचे तो त्यांना परक्यासारखा भेटला. आल्यापासून त्यांचा दिवस डॉक्टर आणि वकील यांच्यात वाटला गेला आहे. ‘मी घरी आलो, पण ओळख करून घ्यायला आता वेळ कुठे आहे?’ असे ते एकदा म्हणाले. त्यांना उत्तर देणे मला जमले नाही.

मी स्वतः २०१२ साली, पन्नासाव्या वर्षी आलो. ते सारे गोड झाले असे मी लिहिले, तर ते खोटे ठरेल. येथे मिळालेल्या हिशेबनिसाच्या नोकरीचा पगार तिकडच्या पावहून कमी होता. सातवीतल्या मुलीने सहा महिने माझ्याशी धड भाषण केले नाही. दुसऱ्या वर्षी तर मी जुन्या साहेबाला फोन लावण्याच्या बेतात होतो. परंतु आई पुढे चार वर्षे जगली आणि ती चार वर्षे मी तिच्या उशाशी होतो. बंद पडलेल्या विहिरीचा गाळ मी भाडोत्री मजुरांबरोबर स्वतः उतरून काढला. गावच्या पतपेढीचे हिशेब आज मी पाहतो. साठीला आलो असतो, तर यातील एकही गोष्ट माझ्या हातून झाली नसती.

काही आक्षेप रास्त आहेत. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरी कमावणारे दुसरे कोणी नाही, त्याला हा लेख ‘ये’ म्हणून सांगत नाही. तसेच तयारीवाचून येणेही घातक. आल्याबरोबर कोणाच्या तरी सांगण्यावरून सारी पुंजी धंद्यात घालून वर्षात रिकामे झालेले लोक आपण पाहिले आहेत. म्हणून माझे म्हणणे इतकेच: पंचेचाळिसाव्या वर्षी तारीख ठरवावी. दोन वर्षांचा घरखर्च बाजूला काढावा. जमिनीचे कागद आधीच्या सुट्ट्यांमध्ये सरळ करून घ्यावेत. विमा आधी काढावा. दीर्घकाळ अनिवासी राहून परतणाऱ्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षे परदेशातील उत्पन्नावर येथे बहुधा कर द्यावा लागत नाही. त्या सवलतीची जाणकाराकडून चौकशी करावी. आणि मुलांना आणायचे तर ती आठवीच्या आत असताना आणावे; माझ्या मुलीच्या त्या सहा महिन्यांनी मला हे शिकवले.

आता उरला आपला निम्मा दोष. वयाच्या पन्नाशीत कोणी घरी आला, की आपण काय म्हणतो? ‘काढून टाकला असेल.’ ‘काहीतरी भानगड झाली असेल.’ माझ्याविषयीही हे बोलले गेले, आणि बोलणाऱ्यांत माझ्या घरच्या लग्नात वरच्या पंक्तीला बसलेले लोक होते. मुलीला स्थळ पाहताना ‘मुलगा गल्फला आहे’ हे आपण मिरवून सांगतो; तोच मुलगा परतला की आवाज खाली येतो. भावाच्या ड्राफ्टवर घर चालवणारी भावंडे त्याला ‘दमला असशील, ये आता’ असे कधी म्हणतात का? सणाला त्याच्याकडून सोने, अत्तर, मोबाईल यांची अपेक्षा करायची आणि तो एकटा पडला म्हणून नाताळात त्याच्यासाठी उसासे टाकायचे, हा दुटप्पीपणा आहे. परतण्याला आपणच अपयशाचे नाव दिले आहे. मग माणूस भीतीने तेथेच राहतो आणि शेवटी पेटीतून येतो. आपल्या दफनभूमीत अशा पेट्या किती उतरल्या, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे.

वाचकहो, येत्या नाताळात कोणी सुट्टीवर आलेला आवारात दिसेल. त्याला केव्हा जाणार असे विचारू नका. ‘परत केव्हा येणार?’ असे विचारा, आणि तो जी तारीख सांगेल तिच्यासाठी गावात त्याला एखादे काम, एखादी खुर्ची, एखादी जबाबदारी मोकळी करून ठेवा. आणि परदेशात हे अंक वाचणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमची खोली, तुमची वाडी, तुमची म्हातारी आई यांना तुमच्या पगाराची सवय झाली आहे. तुमची सवय त्यांना पुन्हा लागायला वर्षे लागतील. ती वर्षे हातात असतानाच या.