गोधडीत मिश्र कापड: कोणती बाजू कोणाची?

निफाड तालुक्यात थंडीत पारा कित्येकदा ५ अंशांखाली उतरतो. पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात आणि घरोघरी गोधड्या निघतात. पूर्वी त्यांत सुती लुगडी व धोतरे असत. आज जुन्या कपड्यांत टेरीकॉट, म्हणजे सूत व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड, बरेच असते. ते टिकाऊ असते, लवकर वाळते; म्हणून टाकू नये, मात्र त्याची जागा ओळखावी.

साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. घाम टिपला जावा यासाठी अंगाकडील बाजू निव्वळ सुती ठेवावी, मिश्र कापड बाहेरच्या बाजूस लावावे. तान्ह्या बाळाचे दुपटे मात्र संपूर्ण सुतीच असावे. सूत आटते, पॉलिएस्टर आटत नाही. म्हणून धावदोरा घालण्याआधी सर्व कापड धुऊन घ्यावे, अन्यथा चुण्या पडतात.

कापड ओळखण्यासाठी एक धागा चिमट्यात धरून, पाणी जवळ ठेवून, जाळावा. सुताची मऊ राख होते. कडक मणी उरला तर पॉलिएस्टर आहे.

हाच मणी धोक्याची खूण आहे. वितळलेले पॉलिएस्टर त्वचेस चिकटते. मिश्र कापडात सूत वातीसारखे जळत राहते. सुती गोधडीही पेट घेतेच. म्हणून गोधडी कोणतीही असो, ती पांघरून शेकोटीजवळ बसू नये, मुलांनाही बसू देऊ नये.