थंडीचं भाकीत पुरे, बंबाची राख काढा

पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटलं की गावात दोन गोष्टी लगेच होतात. परसातला बंब नेहमीपेक्षा आठ-पंधरा दिवस आधी पेटतो आणि पारावर निकाल लागतो, 'यंदा थंडी कडक आहे बघा!' कुणी लांबलेल्या पावसाचा दाखला देतं, कुणी मुंग्यांचा. या गप्पांना माझी हरकत नाही. पण त्या गप्पांवरून सरपण किती घ्यायचं, हरभरा कधी पेरायचा, म्हाताऱ्या माणसांना कुठं निजवायचं हे ठरू लागलं, तर जरा थांबा.

पावसाळा सरून आभाळ निरभ्र झालं आणि वारा पडला, की दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब भराभर सोडून देते. ढग आले की तीच ऊब अडते आणि पहाट उबदार होते. म्हणजे ऑक्टोबरातल्या गार पहाटेवरून फार तर कालच्या रात्रीचं आभाळ कळतं. खरा कडाका येतो तो उत्तरेकडून. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकतात आणि त्यांच्या मागोमाग गार वारे विदर्भ, खानदेश, नाशिकपर्यंत उतरतात. जानेवारीत असे किती विक्षोभ येतील, ते तुमच्या अंगणातल्या गारव्याला कुठून ठाऊक असणार?

दिवाळीवरून हिवाळा जोखायची सवयही सोडा. 'पूर्वी अभ्यंगस्नानाला कसं कुडकुडायला व्हायचं, आता थंडीच राहिली नाही,' असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. पण २०२३ साली नरक चतुर्दशी १२ नोव्हेंबरला होती आणि २०२५ साली २० ऑक्टोबरला. मधे तीन आठवड्यांहून जास्त फरक. अधिक महिन्याच्या हिशेबाने सण मागेपुढे होतो, थंडी नाही. तुलना करायचीच तर तारखेशी तारीख लावा.

आता पारावरच्या गप्पांत 'ला निना'ही येऊन बसली आहे. प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा थंड झालं की आपल्याकडे हिवाळा गार जाण्याची शक्यता वाढते, एवढं खरं. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. २०२४ च्या पावसाळ्याअखेरीस 'ला निना येतेय, स्वेटर काढा' अशा बातम्यांचा सुकाळ होता. ती आली उशिरा, तीही अशक्त. पुढचा, २०२५ चा फेब्रुवारी तर देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

मग ऐकायचं कुणाचं? भारतीय हवामान विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज डिसेंबरच्या सुमारास देतो. तो जरूर वाचा, पण तो तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो हे लक्षात असू द्या. सरासरीने उबदार गेलेल्या हिवाळ्यातही चार रात्री जिवावर उठू शकतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. मुंबईसारख्या दमट शहरातही २७ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांची नोंद आहे. म्हणून हिवाळाभराचं भाकीत करत बसण्यापेक्षा पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज रोज पाहा. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं, की हवामान विभाग थंडीची लाट मानतो. तो इशारा आला की हालचाल करायची.

त्यातही आपली जागा ओळखा. गार हवा जड असते, ती रात्री खोलगट भागात उतरून साचते. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हा गावातला अधिकृत पारा बराच वर असतो. तुमचं शेत ओढ्याकाठी असेल, तर तालुक्याच्या आकड्यातून दोन-तीन अंश मनानेच वजा करा. निफाडकडचे द्राक्षवाले पहाटे बागेला पाणी देतात, बांधावर शेकोट्या करतात, ते अशाच रात्रींसाठी.

आता बंबाकडे वळा. लवकर पेटवायला काहीच हरकत नाही, मात्र आधी तो नीट पाहून घ्या. मधल्या नळीत गेल्या वर्षीची काजळी धरलेली असते, ती लांब काठीला चिंधी बांधून खरवडा. खालच्या जाळीतली राख काढा, नाहीतर वारा लागत नाही आणि नुसता धूर कोंडतो. पाणी भरून तोटीपाशी आणि डाखाच्या सांध्यांवर बोट फिरवा, ओल लागली तर डाख लावून घ्या. कोरडा बंब कधीही पेटवू नका, डाख वितळून सांधे सुटतात.

बंबफोड वाळलेली हवी. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. जाळ आधी ते पाणी आटवण्यात खर्ची पडतो आणि घरभर डोळे चुरचुरतात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहा. खणखणीत आवाज आला तर वाळलेल्या, भद्द आला तर ओल्या. पेटवणाला तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाची शेंडी घ्या. दुधाच्या पिशव्या, टायरचे तुकडे यांना हात लावू नका, तो धूर विषारी असतो. निखाऱ्यावर रॉकेल ओतण्याचा उद्योग तर कुणीच करू नये.

आणि हे शेवटचं मात्र थंडी कडक असो वा नसो, पाळाच. निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. 'धूर थांबलाय, आता आत घ्यायला हरकत नाही' हा समज माणसं मारतो. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि झोपेतल्या माणसाला तेवढंही कळत नाही. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचंही तेच. खिडकी किंवा झरोका उघडा असल्याशिवाय तो लावू नका. कुणी गुंगलेलं दिसलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग दवाखाना गाठा.

हे आपल्या घरापुरतं ठेवू नका. सोसायटीचा रखवालदार पत्र्याच्या केबिनचं दार लावून शेगडीशी बसतो, त्याला एक जाड घोंगडी द्या आणि हे समजावून सांगा. ऊसतोडीची टोळी शिवारात उतरली असेल, तर कोप्यांच्या पाचटापासून शेकोटी लांब ठेवायला सांगा आणि निजण्याआधी ती पाणी टाकून विझवायलाही. हिवाळा कसा जाईल ते फेब्रुवारीत कळेलच, ही कामं मात्र याच आठवड्यात उरका.