भाव विचारण्यात अप्रतिष्ठा कसली?

दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात नवी गाडी उभी राहावी, तिला झेंडूचा हार घातला जावा, चाकाखाली लिंबू ठेवले जावे आणि घरातील गृहिणीने तिला कुंकू लावून ओवाळावे, हे दृश्य आता ट्रॉम्ब्यापासून बोरिवलीपर्यंतच्या मध्यमवर्गीय वसाहतींना नवे राहिलेले नाही. ट्रॉम्बे-चेंबूरचा परिसर तर भाभा अणुसंशोधन केंद्र, खत कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांच्या आधाराने वाढला. येथील पहिली पिढी बसने कामावर गेली, दुसरीने स्कूटर घेतली आणि तिसरी पिढी कर्ज काढून का होईना, मोटार घेत आहे. कष्टाने आणि सचोटीने मिळवलेल्या या सुखाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र घरानंतर आयुष्यातील ही सर्वांत मोठी खरेदी करताना आपण मोजलेली किंमत रास्त होती काय, हा प्रश्न किती कुटुंबे स्वतःला विचारतात?

ट्रॉम्ब्यातील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांनी गाडी घेतली. विक्रेत्याने छापील कागद पुढे केला, त्यांनी तळाचा आकडा पाहिला आणि सही केली. काही दिवसांनी त्याच वसाहतीतील शेजाऱ्याने त्याच दालनातून, त्याच प्रकारची गाडी बऱ्याच कमी पैशांत आणली. ‘‘तुम्ही भाव का केला नाहीत?’’ असे विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘अहो, त्या काचेच्या दालनात, टाय लावलेल्या मुलासमोर घासाघीस करायची म्हणजे कसेसेच वाटते.’’ मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारा आपला समाज आठ-दहा लाखांच्या खरेदीत मात्र संकोचाने गप्प बसतो! ज्या बाईचे पोट त्या दोन रुपयांवर अवलंबून आहे तिच्याशी वाद आणि ज्याच्या हिशेबात हजारोंची सोय आधीच करून ठेवलेली आहे त्याच्यापुढे मौन, ही प्रतिष्ठेची कल्पना मुळातून तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

या संकोचाला इतिहास आहे. परवाना राजवटीत मोटार ‘विकत घेतली’ जात नसे, ती ‘मिळत’ असे. ट्रॉम्ब्यापासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात फियाट आणि पुढे पद्मिनी तयार होत असे. पण येथल्याच ग्राहकाला तिच्यासाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. स्कूटरचीही तीच कथा. ज्याला थांबवत नसे तो ‘ऑन’चे पैसे मोजून दुसऱ्याचा नंबर घेई. अशा काळात भाव करणार कोण? गाडी मिळाली हेच नशीब मानून ग्राहक विक्रेत्याचे उपकार मानत असे. १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, कारखाने वाढले, दालने सजली, परंतु ग्राहकाच्या मनातील याचकवृत्ती मात्र गेली नाही.

आणि बाजार तरी पूर्णपणे मोकळा झाला काय? या संदर्भात महाराष्ट्राशीच निगडित असलेले एक प्रकरण प्रत्येक ग्राहकाने माहीत करून घ्यावे असे आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील मारुती सुझुकीचा विक्रेता म्हणवणाऱ्याने तो पाठवला होता. कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा अधिक सवलत ग्राहकाला देण्यास आम्हाला मनाई आहे, अशी त्याची तक्रार होती. आयोगाने चौकशी करून २३ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीस २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आदेशात नोंदवलेली कार्यपद्धती वाचली की मन थक्क होते. विक्रेत्यांकडे तोतया ग्राहक पाठवले जात. हे तोतये गोड बोलून जादा सवलत मागत, संभाषण टिपून घेत आणि ज्याने सवलत देऊ केली त्या विक्रेत्याला व त्याच्या कर्मचाऱ्यांनाही दंड होई. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपील केले आणि दंडवसुलीला स्थगिती मिळाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ह्युंदाई कंपनीला २०१७ मध्ये झालेला ८७ कोटी रुपयांचा दंड तर अपिलात २०१८ मध्ये रद्द झाला होता. न्यायालयीन लढाईत कोण जिंकेल हा भाग वेगळा. परंतु विक्रेत्यांनी आपसात स्पर्धा करून ग्राहकाला स्वस्त गाडी देणे उत्पादकाने रोखू नये, असा कायदा या देशात आहे आणि भाव करणे हा ग्राहकाचा कायद्याने मान्य केलेला व्यवहार आहे, एवढे त्यातून निःसंशय स्पष्ट होते. खोटे ग्राहक बेधडक भाव करतात आणि खरे ग्राहक लाजतात, याहून मोठा विरोधाभास कोणता?

रास्त किंमत हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेला नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा व्यापाऱ्याने घ्यावा, अशी मर्यादा घालून दिली आहे. यात नफ्याचा निषेध नाही, लपवालपवीचा आणि लुबाडणुकीचा आहे. व्यापाऱ्याचा योग्य लाभ आणि ग्राहकाचा योग्य भाव या दोहोंचा समतोल, ही भारतीय अर्थविचाराची दृष्टी आहे. म्हणूनच रास्त किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे, तर उघड किंमत. जिचा प्रत्येक रुपया कशासाठी आहे हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे, ती किंमत रास्त.

या कसोटीवर विक्रेत्याचा कागद वाचावा. त्यात गाडीची एक्स-शोरूम किंमत असते आणि रस्त्यावर येईपर्यंतची ऑन-रोड किंमत असते. गोंधळ असतो तो या दोन आकड्यांच्या मध्ये. राज्याचा मोटार वाहन कर आणि नोंदणीचे शुल्क ही सरकारी देणी आहेत, त्यांत घासाघीस नाही. मात्र त्यांची पावती मागून घ्यावी. ट्रॉम्बेकरांची नोंदणी वडाळ्याच्या परिवहन कार्यालयात होते आणि तेथे भरलेल्या पैशाचा हिशेब लपून राहत नाही. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाने लावलेली रक्कम मात्र कोणताही सरकारी कर नव्हे. ती कशासाठी, असे शांतपणे विचारताच अनेकदा ती कागदावरून नाहीशी होते. दहा लाखांहून महाग गाडीवर घेतला जाणारा एक टक्का कर २०१६ पासून लागू आहे. तो खर्च नसून आपल्याच आयकरात वळता होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

विम्याचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे. विमा बंधनकारक आहे. पण तो त्याच दालनातून, त्याच कंपनीचा घेणे बंधनकारक नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ विमा २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचे दर ठरलेले असतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मात्र कंपनीगणिक बदलतो. बाहेरून दोन ठिकाणचे आकडे आणून ठेवावेत. कर्जाचेही तसेच. सात लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांऐवजी साडेनऊ टक्क्यांनी घेतले तर सुमारे दहा हजार रुपये अधिक जातात. म्हणजे एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने परत घेता येते. म्हणूनच गाडीचा भाव, जुन्या गाडीची किंमत, विमा आणि कर्ज या चार गोष्टींची बोलणी चार वेगळ्या वेळी करावीत. मासिक हप्त्यावर बोलणी कधीच करू नयेत. सवलत तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावी. बिलावर दाखवलेल्या सवलतीने करपात्र रक्कमही कमी होते. चटई, आसनांची आवरणे आणि चकाकीचे लेप ‘फुकट’ मिळण्यापेक्षा तेवढे पैसे कमी झालेले बरे. आणि वर्षाच्या अखेरीस भरघोस सूट मिळाली तर उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे, कारण पुढे विकताना ते वर्षच किंमत ठरवते.

सरकारने आपला वाटा उचलला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागण्याची सोय दिली. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. परंतु कायदा ही लढणाऱ्याच्या हातातील तलवार आहे. ती म्यानातच ठेवणाऱ्याला तिचा उपयोग नाही. सवयीने गप्प बसणाऱ्या समाजाला कोणताही कायदा तारू शकत नाही.

म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर एकेकट्या ग्राहकाच्या चतुराईत नाही, संघटनेत आहे. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा त्यांनी भाषणांपेक्षा कृती निवडली. शेजारची काही कुटुंबे एकत्र यायची, महिन्याच्या वाणसामानाची एकत्र यादी करायची, घाऊक खरेदी व्हायची आणि वाटपही एकमेकांत. गव्हा-तांदळाला, साबणाला जे साधले, ते मोटारीला का साधू नये? आपल्या वसाहतीत यंदा गाडी घेऊ इच्छिणारी चार-पाच कुटुंबे एकत्र येऊन दोन-तीन दालनांत गेली तर बोलण्याचा सूरच बदलेल. तेही जमत नसेल तर निदान एवढे करावे: गाडी घेतलेल्या प्रत्येकाने आपला पूर्ण हिशेब, विम्याच्या हप्त्यासह, शेजाऱ्याला दाखवावा. आपण किती दिले हे सांगण्यात आपल्याला लाज वाटते, आणि नेमक्या याच लाजेवर हा सारा अंधार पोसला जातो.

येथे एक पथ्यही पाळले पाहिजे. समोर बसलेला विक्री-प्रतिनिधी हा आपल्यासारख्याच एखाद्या घरातील मुलगा असतो. महिन्याचे लक्ष्य त्याच्या डोक्यावर असते आणि जादा सूट दिल्यास वर म्हटल्याप्रमाणे दंडाची टांगती तलवारही. त्याचा पाणउतारा करणे, खोटी कोटेशने दाखवणे, नोंदणी करून मुकाट्याने दुसरीकडे जाणे, हा भाव करणे नव्हे. आपण उघड किंमत मागतो तेव्हा आपला व्यवहारही उघड असला पाहिजे. बोलणे नम्र आणि आकडे पक्के असावेत. व्यवहार पटला नाही तर नमस्कार करून उठता आले पाहिजे. उठता येणे हेच ग्राहकाचे खरे बळ आहे.

गाडीच्या किमतीतून वाचलेले वीस-पंचवीस हजार रुपये कुणाच्या मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क असतात, कुणाच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया. ते पैसे संकोचापोटी सोडून देणे हे औदार्य नव्हे, कुटुंबाच्या कष्टाची हेळसांड आहे. येत्या पाडव्याला किंवा दसऱ्याला ज्यांच्या दारात गाडी येणार आहे त्यांचे अभिनंदन. फक्त हार विकत घेण्यापूर्वी तो कागद एकदा ओळ न ओळ वाचावा आणि प्रत्येक ओळीपुढे मोकळेपणाने विचारावे, ‘‘हे कशाचे?’’