मायस्थेनिया: पहिला संशय दवाखान्यातच यावा

मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथला आजार आहे. शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे स्नायूवरील अॅसिटिलकोलिनचे ग्राही निकामी करतात. त्यामुळे स्नायू वापरला की थकतो आणि विसावला की सावरतो. सकाळी उघडे असणारे डोळे संध्याकाळी झाकू लागतात, एकाचे दोन दिसते, भाकरी चावता चावता जबडा दमतो, बोलताना आवाज नाकात जातो.

मुरुमसारख्या कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावात असा रुग्ण आधी येतो तो जनरल प्रॅक्टिशनरकडे किंवा चष्म्याच्या दुकानात. मेंदूविकारतज्ज्ञासाठी त्याला सोलापूर, लातूर किंवा कलबुर्गी गाठावे लागते. म्हणून निदानाची सुरुवात स्थानिक डॉक्टरांच्या हातात आहे.

तपासणी साधी आहे. रुग्णाला मिनिटभर वर बघायला सांगावे. पापणी हळूहळू खाली येते. मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे बर्फाची पुरचुंडी ठेवावी; पापणी दोन मिलिमीटर किंवा अधिक उचलली गेली तर संशय बळावतो. बाहुल्या, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असतात.

या भागात एक फरक पक्का ध्यानात हवा. शेतात वा जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे अचानक पापण्या पडलेल्या अवस्थेत आला, तर आधी मण्यार किंवा नाग आठवावा. मण्यारच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही. सर्पदंशात काही तासांत अशक्तपणा वाढत जातो. मायस्थेनियात तो आठवडे-महिने कमी-जास्त होत राहतो. निओस्टिग्मिनने नागदंशाचा रुग्णही सुधारू शकतो, म्हणून केवळ त्या प्रतिसादावर निदान ठरवू नये.

पक्क्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी. आजार शरीरभर पसरलेला असेल तर सुमारे ८५ टक्के रुग्णांत, केवळ डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या रुग्णांत ग्राहीविरोधी प्रतिपिंडे सापडतात. ती न सापडल्यास मस्क प्रतिपिंडे आणि मज्जातंतूला वारंवार उत्तेजन देण्याची चाचणी उपयोगी पडते. निदान झालेल्या प्रत्येकाच्या छातीचा सीटी स्कॅन हवा, कारण १० ते १५ टक्के रुग्णांत थायमस ग्रंथीची गाठ असते.

उपचाराचा पाया पायरिडोस्टिग्मिन आहे. या वर्गातील औषधाचा गुण १९३४ साली दाखवला तो लंडनमधील ग्रिनिच येथील रुग्णालयातल्या कनिष्ठ डॉक्टर मेरी वॉकर यांनी. हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसतो, एवढ्या निरीक्षणावरून त्यांनी त्या विषावरचा उतारा असलेले फायसोस्टिग्मिन वापरून पाहिले. पायरिडोस्टिग्मिन ३० ते ६० मिलिग्रॅम दर चार ते सहा तासांनी देतात. ते लक्षणे आवरते, आजार नाही. आजार आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन आणि अॅझाथायोप्रिन लागतात. स्टेरॉइडच्या पहिल्या दोन आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो, म्हणून मात्रा कमी ठेवून वाढवावी. त्याआधी क्षयरोग आणि मधुमेह तपासावा. ग्राहीविरोधी प्रतिपिंडे असलेल्या, गाठ नसलेल्या रुग्णांतही थायमस काढल्याने फायदा होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सिद्ध केले.

जिवावर बेतते ते श्वासाचे स्नायू थकल्याने. ऑक्सिजनचा आकडा उशिरा घसरतो. त्यावर विसंबू नये. एका श्वासात वीसपर्यंतही मोजता न येणे, मान उचलता न येणे, गिळताना ठसका लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने पाठवावे. तिथे प्लाझ्मा बदल किंवा शरीराच्या वजनानुसार इम्युनोग्लोबुलिन दिले जाते.

असे संकट अनेकदा तापाने सुरू होते आणि चुकीच्या इंजेक्शनने वाढते. जेंटामायसिन, अॅमिकासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अॅझिथ्रोमायसिन, शिरेतून मॅग्नेशियम, प्रोप्रॅनोलॉल आणि क्विनीन शक्यतो टाळावीत. अशा औषधांची यादी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून द्यावी, आणि प्रत्येक डॉक्टरने इंजेक्शन भरण्यापूर्वी तो कागद मागावा.