नुकसान कोणाचे आणि भरपाई कोणास?

श्रीमंत व गरीब यांच्यामधील अंतर दिवसेंदिवस वाढत आहे, हे आता कोणास पटवून देण्याची गरज राहिलेली नाही. काही अर्थशास्त्रज्ञांनी सन २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, सन २०२२-२३ मध्ये देशातील एकूण उत्पन्नाचा शेकडा २२.६ इतका वाटा सर्वांत वरच्या शेकडा एक लोकांकडे गेला. खालच्या निम्म्या लोकांच्या पदरात शेकडा १५ च पडले. असे आकडे वाचले म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंस मुंबईचे शेठ आठवतात, आणि ‘यात आपला काय संबंध?’ असे म्हणून ते पान उलटतात. परंतु हेच अंतर आमच्या धाराशिवच्या शिवारातही वाढत आहे, व आमचीच एक जुनी रीत त्यास हातभार लावीत आहे. तिकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू होय.

सन २०२५ च्या सप्टेंबरात भूम व परंडा या भागांत अतिवृष्टीने जो कहर केला, तो कोणी विसरला नसेल. उभे सोयाबीन पाण्यात कुजले आणि कित्येक ठिकाणी शेतातील मातीच खरवडून गेली. सरकारने कोरडवाहू पिकाच्या नुकसानीपोटी हेक्टरी ८,५०० रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, देण्याचे ठरविले. या हिशेबाने अर्ध्या हेक्टरवाल्यास ४,२५० व तीन हेक्टरवाल्यास २५,५०० रुपये येतात. ज्याचे शेत मोठे त्याचे नुकसानही मोठे, म्हणून यात कोणी वावगे मानणार नाही. परंतु ज्याने दुसऱ्याचे शेत बटईने केले, बी-खताचा निम्मा खर्च सोसला आणि घरच्या माणसांसह हंगामभर राबणूक केली, त्यास काय मिळाले? मदत सातबाऱ्यावरील नावास मिळते, आणि त्याचे नाव तेथे नसते. सन २०१९ पासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी जे ६,००० रुपये देते, तेही जमीनधारकासच. पीकविम्यात बटईदारास मज्जाव नाही खरा. पण तेथे कराराचा कागद लागतो, आणि बटई तर तोंडी ठरलेली!

हा कागद का होत नाही, हे आम्ही महसुलाच्या दप्तरात आयुष्य घालविल्यामुळे जाणतो. सन १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कसणाऱ्यास हक्क दिले, तेव्हापासून कागद केला की जमीन गेली, अशी धास्ती मालकांच्या मनात बसली. नोंदीबाहेरचा मनुष्य जमीन कसताना आढळल्यास त्याच्यासाठी गाव नमुना सात-ब आहे. पण तो भरला जावा असे मालकास वाटत नाही, व बटईदारास ते सांगण्याचे धाडस होत नाही. मालकाची भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि त्या भीतीचा भुर्दंड सर्वस्वी बटईदारानेच का भरावा?

आमचे वाचक बहुतेक खातेदार आहेत, म्हणून त्यांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात सरासरी खाते सन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टरांचे होते; वाटण्या होता होता ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आले. सन २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे मासिक उत्पन्न सरासरी १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचे ४,०६३ व पिकाचे ३,७९८ रुपये होते. म्हणजे शेतकरी म्हणविणाऱ्याचे घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक चालते. तेव्हा आज ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे, त्याच्याच नातवास उद्या दुसऱ्याच्या बांधावर बटई मागण्यास जावे लागणार नाही, याची हमी कोण देईल?

यास्तव आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, नीती आयोगाच्या समितीने सन २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला. त्यात मालकी अबाधित राखून कसणाऱ्यास मदतीचा व कर्जाचा लाभ देण्याची सोय आहे. त्या धर्तीची तरतूद येथे मिळावी म्हणून आपल्या संघाने सरकारकडे आग्रह धरावा. दुसरी, ज्यास शेतच नाही त्या मजुराचे बुडालेले रोज हेक्टरांत मोजता येत नाहीत. सन १९७२ च्या दुष्काळात कामे काढून त्याच्या हातास मजुरी दिली गेली, व १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. तद्वत अतिवृष्टीनंतरही गावोगाव कामे त्वरित निघाली पाहिजेत. तिसरी सूचना आपणा खातेदारांसाठीच आहे. बटईत माल ज्या हिश्श्याने वाटला जातो, त्याच हिश्श्याने पिकाची भरपाईही वाटावी. यास कायदा लागत नाही, की कचेरीत खेपाही घालाव्या लागत नाहीत. येत्या पाडव्यास बटईची बोलणी होतील, तेव्हा चार माणसांसमक्ष हे एक वाक्य आपण होऊन बोलावे, अशी आमची सर्व खातेदार बंधूंस विनंती आहे.