वजन कशाचं वाढलं?

ल्युपसची रुग्ण आपल्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, बहुधा गुडघेदुखीची चिठ्ठी घेऊन येते. वय तिशीच्या आसपास, चेहरा गोल झालेला, प्रेडनिसोलोन चालू. आपण तिला वजनकाट्यावर उभं करतो, आकडा लिहितो आणि सांगून मोकळे होतो : वजन उतरवा, रोज चाला. ठाण्यातली असेल तर तलावपाळीला, कल्याणातली असेल तर काळ्या तलावाला फेऱ्या मारा. या सल्ल्याशी मला थोडं भांडायचं आहे.

आधी वाढलेलं वजन कशाचं, ते ठरवावं लागतं. चार-सहा दिवसांत दोन-तीन किलो वाढले, संध्याकाळी पावलं सुजतात, लघवीला फेस येतो, रक्तदाब चढा आहे, तर ते वजन पाण्याचं आहे आणि मूत्रपिंडाला ल्युपसने गाठलं असण्याची शक्यता आहे. अशा बाईला व्यायामाचा तक्ता देऊन महिन्याने बोलावणं म्हणजे मोलाचा महिना घालवणं. नडगीवर बोट दाबून खळगा पडतो का पाहायला अर्धं मिनिट लागतं. खळगा पडला तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना फोन करावा.

पाणी नसेल तर चरबी, असं मात्र सरळ नाही. स्टिरॉइड पोटावर आणि मानेमागे चरबी चढवतं, त्याच वेळी मांड्या आणि खांद्यांचे स्नायू झिजवतं. त्यामुळे वजन फारसं न बदलताही शरीर बदललेलं असतं. त्यात आपली घडण मुळातच वेगळी. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता : दोघांचा बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिनांची 9.1. म्हणून टेप काढून कंबर मोजा (आपल्याकडच्या स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा) आणि हात न टेकता खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं, ते मोजून कागदावर लिहा.

उठता येत नसेल तर नुसतं चालणं पुरत नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला उभ्याने जाणारी, दोन पूल चढणारी बाई चालतेच आहे. थकते, पण मांडी भरत नाही. तिला हवा प्रतिकाराचा व्यायाम : खुर्चीतून उठबस, रबरी पट्टा, एक दिवसाआड, कमी आवर्तनांपासून. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर मात्रा जास्त झाली. व्यायामाने ल्युपस भडकतो ही भीती रुग्णाला असते, काही डॉक्टरांनाही असते. चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. आजार आटोक्यात असताना थकवा उलट कमी होतो. औषधांपलीकडच्या उपचारांबद्दल युरोपीय संधिवात संघटनेने 2023 मध्ये केलेल्या शिफारशींतही व्यायाम आहे. हृदयासाठी तर तो हवाच. पिट्सबर्गच्या 1997 मधल्या अभ्यासात 35 ते 44 वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक आढळलं होतं.

एक सावधगिरी. जांघेत दुखतं, पाय आत वळवताना कळ येते आणि स्टिरॉइड बरेच महिने घेतलंय, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे साफ येतो. एमआरआय होईपर्यंत येऊरचा चढ नको आणि उड्याही नकोत.

सोसायटीतलं कुणीतरी ‘कोवळ्या उन्हात बस, हाडं बळकट होतील’ असं सांगतंच. ल्युपसच्या त्वचेला ऊन, कोवळंही, आजार उफाळून आणू शकतं. पावसाळी ढगांतूनही अतिनील किरण येतात. ड जीवनसत्त्व गोळीने द्यावं, चालणं सूर्यास्तानंतर. वजन उतरवणाऱ्या पावडरींची पाकिटं मागवून वाचा. काहींत अल्फाल्फा असतो, गुरांना घालतात तोच लसूणघास. त्याच्या गोळ्यांनी ल्युपस उफाळल्याच्या नोंदी आहेत. जिममधली प्रोटीन पावडरही मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय नको. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांबद्दल विचारा. दिवसभर रिकामं पोट, त्यावर स्टिरॉइड आणि रात्री साबुदाणा, हे बरेचदा आपण विचारल्याखेरीज कळतच नाही.

वजनाबद्दल बोलताना आवाज सांभाळायला हवा, कारण याच वजनापायी बायका कुणाला न सांगता स्टिरॉइड सोडतात. लग्नाचं पाहणं असतं, कुणीतरी ‘किती सुजलीस गं’ म्हणून जातं आणि गोळ्या कपाटात राहतात. एकदम सोडल्याने आजार उसळतोच, अंगातलं स्वतःचं स्टिरॉइड कमी पडून जीवावरही बेतू शकतं. गोळी कमी होणार आहे, हे तिला सांगता येतं : युरोपीय संधिवात संघटनेच्या 2023 च्याच औषधोपचार शिफारशींत कायमची मात्रा दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवा, शक्य तिथे बंद करा, असं आहे. पण ती कमी करतील तिचे संधिवाततज्ज्ञ, टप्प्याटप्प्याने.

त्यांना पाठवायच्या चिठ्ठीत आजचं वजन, कंबर, उठबशीचा आकडा आणि सूज आहे की नाही, एवढं लिहा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मात्राही प्रत्यक्ष वजनावरच, किलोला 5 मिलिग्रॅमच्या हिशेबाने ठरते. दहा किलोंचा फरक पडला असेल तर तो हिशेब त्यांना पुन्हा मांडावा लागेल.